घरचा कुंदा ॲपवर विकताना
एका ताईंनी विचारलंय, घरचा कुंदा, म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई, ॲपवर विकायला काढू काय, आणि सगळे म्हणालेत बिनधास्त काढा. काढा की ओ, पण आपण कर्नाटक-महाराष्ट्र बॉर्डरला राहतोय हे कुणी बोललंच नाही. महाराष्ट्रातल्या चंदगडचा माणूस बेळगावच्या शहापुरात येऊन डबा घेऊन गेला तर काय प्रश्न नाही, तोच डबा कुरिअरनं चंदगडला पाठवला की दुसऱ्या राज्यात विक्री झाली, मग धंदा कितीबी बारका असूदे जीएसटी नंबर लागतोय. १ ऑक्टोबर २०२३ पासून बारक्या विक्रेत्यांना नंबराशिवाय ॲपवर विकायची सूट हाय खरी, पण ती आपल्याच राज्यात, कर्नाटकात, म्हणजे लांबच्या बेंगळूरला पाठवा चालतंय, शेजारचं चंदगड नाही! खाण्याच्या मालाला लागणारं एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा खात्याचं) रजिस्ट्रेशन घरगुतीलाबी लागतंय, ते वेगळंच. गिऱ्हाईक मात्र भरपूर मिळतंय, बेंगळूरला नोकरीला गेलेली आपलीच पोरं, ती भाव करत बसत नाहीत. कॅश ऑन डिलिव्हरी तेवढी ठेवू नका, दारातनं परत आलेली साडी परत घडी घालून विकता येते, चार दिवस गाडीत फिरून आलेला कुंदा कुणाच्या गळ्यात मारणार? माल न विकता शिकवणीसारखं सेवेचं काम असलं तर सोपं, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर जीएसटी नंबर नको, गिऱ्हाईक कोल्हापूरचं असलं तरी.