मदत हवी आहे: रंधा मशीनच्या पात्यांना घरी धार कशी लावायची?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याजवळ राहतो. आजोबांच्या वेळचा फणसाचा दरवाजा रंधून नवा करतोय. इलेक्ट्रिक रंध्याची ८२ मिमीची दोन्ही पाती बोथट झालीत. लाकडावर एक बारीक रेघ उठते, बोट फिरवलं की लागते. पात्याला खाच पडलीय. बाजारात धार लावून आणली, तर धार सरळ न राहता मधोमध पोट पडलं.

आता जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर, आधी ४००, मग १००० नंबर, असा विचार आहे. पण दोन्ही पात्यांचा कोन आणि रुंदी सारखीच राहायला हवी, नाहीतर मशीन थरथरतं. लाकडी ठोकळ्यात तिरप्या खाचा पाडून दोन्ही पाती एकदम कुणी घासलीत का? पात्याची खाच जाईपर्यंत हातानेच घासायचं का? आणि पावसात पात्यांवर रातोरात तांबेरा चढतो, खोबरेल तेल पुरेल का?