ट्रेनर जमलं, आता एक्स्ट्रा ३०० चं पहिलं उड्डाण. काय काय बघू?

माळावरचा_मोड२ (विटा)

नमस्कार मंडळी. वर पंख असलेलं फोमचं ट्रेनर (रिमोटवर शिकायचं विमान) पावसाळा संपल्यापासून उडवतोय. लूप, साधा रोल जमतो, उतरवणंही बऱ्यापैकी. आता एक मीटर पंखांचं, ईपीपीचं (लवचिक फोमचं) एक्स्ट्रा ३०० हे कसरतींचं विमान घेतलंय. ३एस २२०० (तीन सेल, २२०० एमएएच) बॅटरी धरून वजन पाऊण किलोच्या आसपास. जोडणी झालीय, पण टेबलावर रिमोटची स्टिक जरा हलवली तरी एलेव्हेटर (शेपटाची आडवी पट्टी) असा फडाफडा हलतो की छातीत धस्स होतं. आमच्याकडे उडवणारं दुसरं कुणी नाही. सोबतीला धाकटा भाऊ, त्याचं लक्ष शूटिंगकडे. पहिल्या उड्डाणाला नेमकं काय सांभाळायचं? ट्रेनरपेक्षा फार अवघड असतं का?

बाल्सावाले_आजोबा (नाशिक)

अवघड म्हणणार नाही, पण हाताची एक सवय मोडावी लागते. ट्रेनरचे पंख टोकांकडे वर उचललेले असतात, स्टिक सोडली की ते आपलं आपण सरळ होतं. एक्स्ट्राचे पंख सपाट, आणि वरून-खालून सारखेच फुगीर, त्यामुळे उलटं-सुलटं त्याला एकच. ३० अंश कलतं सोडलंत तर ते कलतंच राहणार आणि हळूहळू नाक खाली घालणार. घाबरलो की स्टिक सोडायची, ही ट्रेनरने लावलेली सवय इथे विमान खाते. कललं तर तुम्हीच सरळ करायचं.

आधी टेबलावरचं काम. बॅटरी आत ठेवून दोन बोटांवर विमान तोला. माहितीपत्रकात सीजीसाठी (तोलाच्या बिंदूसाठी) जी जागा दिली असेल, तिच्या पुढच्या टोकाला धरा, नाक किंचित खाली झुकलेलं बरं. नाक जड असलेलं विमान कंटाळवाणं उडतं, शेपूट जड असलेलं एकदाच उडतं.

मग ट्रान्समीटर. ड्युअल रेटच्या बटणावर लो रेट (पट्ट्या कमी हलवणारा) लावा, एलेव्हेटर आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) साधारण १०-१२ अंश हलले तरी पुष्कळ. ४५ अंशांचा थ्रीडी (हवेत लटकत उडवायच्या कसरतींचा) रेट नंतर. एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मऊ करणारी सोय) ३० टक्के. इथे एक गोम आहे: स्पेक्ट्रम कंपनीच्या ट्रान्समीटरवर मऊ करायला आकडा अधिक लागतो, फुटाबावर उणे. उलटा टाकलात तर मधली स्टिक आणखी तिखट होते. पडद्यावरची रेघ मध्यभागी सपाट दिसते का, एवढं बघा आणि आकड्याला विसरा.

विमानाच्या मागे उभं राहून एलेरॉन तपासा. स्टिक उजवीकडे, तर उजवा एलेरॉन वर. हे रोज करायचं, विमान जुनं झालं तरी. फेलसेफही बघा, ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबलीच पाहिजे. ही तपासणी प्रॉप (पुढचा पंखा) काढून करा.

आता माळावर. सकाळी वारा सुटायच्या आत जा, सूर्य पाठीशी ठेवून उभे राहा. भावाला मोबाइल खिशात टाकायला सांगा, त्याच्या हातून सोडवायचंय: पाऊण थ्रॉटल, वाऱ्याच्या तोंडावर, सरळ फेकायचं, नाक वर करून नाही. चांगली उंची गाठा आणि मग अर्ध्या थ्रॉटलवर सरळ जाताना ट्रिम करा, म्हणजे स्टिक सोडूनही सरळ जाईल असं बसवा. लूप-बिप मारायची खुमखुमी येईल, गप्प बसा. दोन-चार फेऱ्यांत ट्रिम बसलं की वरतीच थ्रॉटल कमी करून एलेव्हेटर ओढत राहा आणि वेग संपून ते कसं पडतं (स्टॉल) ते बघून ठेवा. कुठला पंख आधी कोसळतो ते वर असतानाच कळलेलं बरं, जमिनीपासून हातभर वर नको.

उतरवताना थ्रॉटल बंद करायचं नाही. ट्रेनर तरंगत येतं. हे हलकं, मोठ्या पंखांचं, हवा अडवणारं, मोटर बंद झाली की धप्पकन बसतं. थोडी पॉवर ठेवून खाली आणा, उंची थ्रॉटलने सांभाळा आणि अगदी टेकताना थ्रॉटल सोडा. वेग कमी असताना पंख सावरायला एलेरॉनपेक्षा रडर (शेपटाची उभी पट्टी) वापरा, एलेरॉनच्या झटक्याने तोच पंख उलट खाली पडू शकतो.

कात्रज_प्रॉपहँग (पुणे)

एवढं घाबरवू नका हो त्याला. ईपीपी आहे, आपटलं तरी फेव्हिक्विकने चिकटतं. हाय रेट लावून थेट हॅरियरच (नाक वर ठेवून अगदी हळू उडवणं) शिक, लो रेटवर थ्रीडी विमान म्हणजे नुसता वेळ काढणं. एकच ऐक: तुझ्याकडे तोंड करून येताना जो पंख खाली गेलाय, त्याच बाजूला स्टिक द्यायची. पंखाला खालून टेकू देतोयस असं समज, डावं-उजवं डोक्यात करत बसावं लागत नाही. आणि खालून काळे जाड पट्टे मार. वर-खाली एकच रंग असेल तर लांबून उलटं की सुलटं ते कळत नाही.

बाल्सावाले_आजोबा (नाशिक)

पट्ट्यांचं शंभर टक्के पटलं. बाकी पहिल्याच दिवशी हाय रेट आणि हॅरियर म्हणजे हौसेला मोल नाही, एवढंच म्हणतो. ईपीपी फेव्हिक्विकने चिकटतं, पण वाकलेला मोटर माउंट चिकटवून सरळ होत नाही. (तेच डेपरॉन या फोमला किंवा थर्मोकोलला फेव्हिक्विक लावू नका, वितळतं.)

वायरिंग_करणारी (नागपूर)

जागेचंही बघा. ड्रोन नियम २०२१ मध्ये आपली विमानं पण येतात, आणि २५० ग्रॅमच्या वर ती नॅनो (सगळ्यात हलका वर्ग) राहत नाहीत. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचा माळ ग्रीन झोनमध्ये आहे का ते पाहून घ्या. तिथे १२० मीटरपर्यंत उडवता येतं, विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र ६० मीटरच. आणि संक्रांतीच्या आसपास मांजा! प्रॉपमध्ये अडकला की मोटर जळते.

बाल्सावाले_आजोबा (नाशिक)

बरोबर बोलल्या ताई. आमच्याकडे एकीकडे ओझर, दुसरीकडे देवळालीचा लष्करी भाग. नकाशा न बघता कुठेही पिशवी उघडायची सोय नाही.

माळावरचा_मोड२ (विटा)

आजोबा, ताई, दादा, सगळ्यांचे आभार. नकाशा पाहिला, आमचा माळ ग्रीनमध्ये आहे. आज सकाळी उडवलं! लो रेटवरच. खालून काळी टेप मारली होती, तिचा फार उपयोग झाला. दोन घारी येऊन घिरट्या घालायला लागल्या तेव्हा घाम फुटला, पण त्या आपणहून निघून गेल्या. उतरताना थ्रॉटल ठेवलं, गवतावर दोनदा उडी मारून थांबलं. दोन गोष्टी खटकल्या. स्टॉलला कायम डावा पंख पडतो. आणि उलटं उडवताना एलेव्हेटर भरपूर पुढे ढकलावा लागतो. हे असंच असतं का?

बाल्सावाले_आजोबा (नाशिक)

थोडं ढकलणं चालतं, भरपूर म्हणजे नाक जड. खात्री करून घ्या: ४५ अंशांत चढवा, तसंच चढताना अर्धा रोल करून उलटं करा आणि एलेव्हेटर सोडा. नाक लगेच खाली आलं तर बॅटरी अर्धा सेंटीमीटर मागे सरकवा, परत उडवा, परत बघा. एकदम मागे नेऊ नका. पंखाचं म्हणाल तर एका बोटावर मोटरचा शाफ्ट, दुसऱ्यावर शेपटाचं टोक, असं विमान तोलून बघा. डावी बाजू खाली गेली तर उजव्या पंखाच्या टोकाला टेपने लहानसं नाणं चिकटवा. आणि बॅटरी भरलेली ठेवून झोपू नका, दर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.