टेक्सासच्या प्लंबरांचं काय झालं?

'नियामक मंडळांना दर १२ वर्षांनी आपोआप मुदत संपायची अट घाला, फुकटे गळतील' असं काहीजण म्हणतात. ऐकायला झकास आहे. टेक्सासात १९७७ पासून तेच चालतं. १० आमदार आणि २ बाहेरचे असा आयोग एकेका खात्याला 'तुमची गरज काय?' असं विचारतो. पण २०१९ मध्ये प्लंबरांना परवाने देणारं मंडळ दुसऱ्या खात्यात विलीन करायचं विधेयक आपटलं, मुदतवाढही राहून गेली. म्हणजे मंडळच गुंडाळायची वेळ! (गळका नळ थोडाच थांबतो?) शेवटी गव्हर्नर ॲबट यांनी २०१७ च्या हार्वी चक्रीवादळाच्या पुनर्बांधणीचं कारण देऊन आदेश काढला, तेव्हा मंडळ २०२१ पर्यंत तगलं. आढावा जरूर घ्या, पण विधेयक अडकलं की दुकान बंद, हे मला पटत नाही.