कुत्रं पळालंय का कधी? अनुभव लिहा

पार्कचौकवाला: काल गड्ड्याचं, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचं, शोभेचं दारूकाम सुरू झालं आणि आमची राणी पलंगाखाली शिरली ती अजून तिथंच. मोती आठवला. 2009 ला असाच पहिला बार उडाला अन् गडी कठड्यावरून पसार. तिसऱ्या दिवशी कंबर तलावाजवळ भुर्जीच्या गाडीखाली सापडला. गाडीवाले मामा दोन दिवस अंडी चारत होते. म्हणाले, "गळ्यात पट्टा हाय, पण कुणाला फोन लावू?" पट्ट्यावर आम्ही घुंगरू लावलेलं. नंबर नाही! आता राणीच्या पट्ट्यावर मार्करनं दोन नंबर लिहिलेत, पुसट झाले की परत गिरवतो. तुमचे लिहा.

शेंगाचटणी: आमचा शेरू दूधवाल्याच्या वेळेला टपून बसायचा. फाटक उघडलं की पायातनं सुर्र! बाबांनी आत दुसरं फाटक बसवलं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आता दूधवाले काकाच मधे अडकतात 😂

जुळेसोलापूर_आई: घुंगरू 😄 गोड

मंगळवेढ्याचा: आमच्यात कारवानी हाय, शिकारी जातीचं कुत्रं. ससा दिसला की सोताचं नाव पण इसरतंय. कंपाउंड 4 फुटी, उभ्या उभ्या उडी. 6 फूट केलं अन् खालपासून हिरवी शेडनेट लावली. भाईरचं दिसतच नाही म्हटल्यावर गप पडून असतंय. जनावर डोळ्यावर चालतंय वो, वासावर नाही.

सातरस्ता: टॉमी वर्षातून दोनदा चार-चार दिवस गायब, कान फाडून परत. नसबंदी केली, आता कोपऱ्यावरच्या टपरीपुढं जात नाही. बायको माझ्याकडं बघून नुसती हसली.

शेंगाचटणी: @सातरस्ता का बे 🤣🤣

होटगीरोड: पट्टा उलटा ओढून मान काढून घेतात ते कुणी सांगितलंच नाही. आमची तशीच सुटली, भर आसरा चौकात. पट्टा अन् मान यात दोन बोटं मावतील एवढंच सैल ठेवायचं. आणि हार्नेस घ्या.

अक्कलकोटरोडची: दारूकामाच्या आधी झोपेची गोळी देतात का? आमच्या घरी माणसांची आहे

जुळेसोलापूर_आई: @अक्कलकोटरोडची नको गं बाई!! माणसांची तर अजिबात नको, आधी डॉक्टरांना विचार. आम्ही उजेड असतानाच फिरवून आणतो, मग आतली खोली, खिडक्या बंद, पंखा फुल, टीव्ही मोठ्यानं. मांजाचं पण बघा, गच्चीवर पडलेला असतो, पायात अडकतो. थांबा कुकर झाला

बाळेकर: आमची लक्ष्मी हायवेला गेली. फाटक मीच उघडं ठेवलेलं. एवढंच.

पार्कचौकवाला: 🙏

मंगळवेढ्याचा: वाईट वाटलं दादा.

जुळेसोलापूर_आई: स्वतःला दोष देऊ नका हो. कुणाच्याही हातनं होतं.

विडीघरकुल: परत आलेल्या कुत्र्याला आधी नीट तपासा. आमच्याला चावा होता, केसात दिसलाच नाही. लस झालेली होती तरी डॉक्टरांनी लगेच परत दिली. आणि भांडणं सोडवायला मधे हात घालू नका. मी घातला, मलाच चावला. नळाखाली साबण लावून 15 मिनिटं धुतलं अन् तडक दवाखाना, त्याच दिवशी पहिली सुई. काहीजण हळद भरा म्हणत होते.

शेंगाचटणी: माझी आजी मिरची भरायची 😬

पंढरपूर_बाग: विषय निघालाय तर, बेदाणे उघडे ठेवू नका. कुत्र्याची किडनी जाते. आमच्या शेडवर राखणीला कुत्रंच ठेवत नाही त्यापायी.

सातरस्ता: बेदाणा काय भाव चाललाय औंदा?

पंढरपूर_बाग: विचारू नका मालक

मंगळवेढ्याचा: आमच्या ज्वारीचं पण तेच

होटगीरोड: धागा कुत्र्याचा आहे 🙄 राणी निघाली का पलंगाखालून?

पार्कचौकवाला: निघाली. पेढा ठेवला, चिकन ठेवलं, ढिम्म. आईनं कडक भाकरी मोडली, कट्ट झालं, तशी धावत आली.