शब्दचर्चा: शिलाहारांच्या ‘शाखा’ म्हणाव्यात की ‘घराणी’?

प्रश्न: अंबरनाथच्या शिवमंदिराचे एक छोटे माहितीपत्रक आम्ही तयार करीत आहोत. त्यात कोकण आणि कोल्हापूर येथे राज्य केलेल्या शिलाहार राजांचा उल्लेख येतो. मसुद्यात असे वाक्य आहे: ‘शिलाहार वंशाच्या ठाणे शाखेतील मुम्मुणी राजाच्या काळातील या मंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हे वर्ष दिले आहे. हे राजे मूळचे तगरचे अधिपती होते.’ येथे ‘वंश’ आणि ‘शाखा’ हे शब्द योग्य आहेत का, या राजांच्या ‘तगरपुरपरमेश्वर’ या बिरुदावरून ‘तगरचे अधिपती’ असा अर्थ काढता येतो का, आणि ‘शिलाहार’ या शब्दाची फोड कशी करावी?

उत्तर: तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. आधी नावाची फोड पाहू, कारण उरलेल्या दोन्हींचे मूळ तिथेच आहे.

प्रचलित फोड ‘शिला + आहार’ अशी आहे. तिच्यामागे जीमूतवाहनाची कथा आहे. विद्याधरांचा राजपुत्र जीमूतवाहन गरुडाचे भक्ष्य ठरलेल्या शंखचूड नावाच्या नागाऐवजी स्वतः वध्यशिलेवर, म्हणजे वधाच्या शिळेवर, जाऊन बसतो, गरुड त्याला खाऊ लागतो, पण आपण नाग नसून कोणी परोपकारी पुरुष खात आहोत हे कळताच पश्चात्ताप पावतो. ‘कथासरित्सागर’ आणि हर्षाचे ‘नागानंद’ नाटक यांमुळे ही कथा आपल्या परिचयाची आहे. तेव्हा शिलेवर जो आहार झाला त्याचे वंशज ते शिलाहार, असा अर्थ सांगितला जातो. अर्थ सुंदर आहे, पण माझ्या मते येथे नाव आधीचे आणि कथा नंतरची आहे. कोरीव लेखांत हे नाव ‘सिलार’, ‘शिलार’, ‘शिलाहार’ अशा वेगवेगळ्या रूपांत येते. व्युत्पत्ती कुळाच्या मनात पहिल्यापासून स्पष्ट असती, तर ‘आहार’ या घटकातला ‘हा’ इतक्या सहज गळला नसता. ‘सिलार’ हे बोलीतले जुने नाव असावे, पुढे पंडितांनी ते संस्कृतात बसवताना ‘शिलाहार’ केले असावे आणि मग त्या रूपाला शोभेल असा पूर्वज शोधला असावा, हा क्रम मला अधिक पटतो. कान्हेरीच्या लेण्यांतील शके ७७५ आणि ७९९ चे, म्हणजे इ.स. ८५३ आणि ८७७ चे, लेख पाहिले तर तेथे दुसरा कपर्दी हा राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या कृपेने कोकण मिळालेला महासामंत, म्हणजे मोठा मांडलिक, म्हणून येतो. जीमूतवाहन तेथे नाही. तो पुढच्या काळातील ताम्रपटांत, बिरुदांची माळ लांबत गेल्यावर, ठळकपणे दिसू लागतो.

ही माळ जवळून पाहण्याजोगी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्का’ ही टीका बाराव्या शतकात उत्तर कोकणच्या, म्हणजे ठाण्याकडच्या, अपरादित्य या शिलाहार राजाच्या नावावर लिहिली गेली. तिच्या समाप्तिवाक्यात त्याचे वर्णन ‘श्रीविद्याधरवंशप्रभव-श्रीशिलाहारनरेंद्र-जीमूतवाहनान्वयप्रसूत-श्रीमदपरादित्यदेव’ असे आहे. या एका समासात कुळ सांगणारे दोन वेगळे शब्द आहेत, ‘वंश’ आणि ‘अन्वय’, आणि ते एकाच अर्थाने आलेले नाहीत. वंश विद्याधरांचा आहे, अन्वय जीमूतवाहनाचा. ‘वंश’ म्हणजे मुळात वेळू, बांबू. पेरावर पेर चढत जाते तशी पिढीवर पिढी. (आपल्या घराचा ‘वासा’ हाही याच ‘वंश’ शब्दाचा वारस आहे, म्हणून घर फिरले की वासेही फिरतात ही म्हण मला कुळांच्या इतिहासाच्या संदर्भात नेहमी आठवते.) ‘अन्वय’ म्हणजे मागोमाग जाणे, अनुसरणे. आज तो शब्द आपण कवितेच्या अन्वयासाठी किंवा सरकारी कागदातील ‘कलमान्वये’ यासाठीच वापरतो, पण कोरीव लेखांत अन्वय म्हणजे एका विशिष्ट पुरुषाच्या मागून आलेले लोक. म्हणून विद्याधर ही जात मोठी, तिच्यातला जीमूतवाहन हा एक पुरुष, आणि त्याच्या मागून आलेला अपरादित्य, असा तो उतरता क्रम आहे.

याच समासातील ‘प्रसूत’ हा शब्दही जपून वाचावा लागतो. आजच्या मराठीत बाई प्रसूत होते, म्हणजे जन्म देणारी ती प्रसूत. ताम्रपटात मात्र जो जन्मला तो प्रसूत. मसुद्याचे मराठी करताना ‘अन्वयप्रसूत’चे ‘अन्वयात जन्मलेला’ असेच करावे.

आता तगर. उत्तर कोकणच्या ताम्रपटांत ‘तगरपुरपरमेश्वर’ असे येते आणि कोल्हापूरच्या लेखांत ‘तगरपुरवराधीश्वर’. पहिल्यातील ‘परमेश्वर’ म्हणजे देव नव्हे, तर सर्वोच्च स्वामी. ती राजपदवी आहे. दुसऱ्याची फोड पुष्कळदा ‘तगरपुर + वराधीश्वर’ अशी केलेली आढळते, ती चूक आहे. ‘पुरवर’ म्हणजे पुरांमध्ये श्रेष्ठ असे पुर, आणि त्याचा अधीश्वर. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. एके काळी या गावाची ओळख जुन्नरपासून दौलताबादपर्यंत अनेक ठिकाणांशी जोडली गेली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी कोरीव लेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी तेरशी केलेली जोडणी आता सर्वमान्य आहे. पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी ‘पेरिप्लस’ या आपल्या सागरी व्यापाराच्या माहितीग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगतो आणि तेथून कापड भडोचला जात असल्याचे नोंदवतो. म्हणजे शिलाहार ज्या नगराचे नाव घेतात ते काल्पनिक नाही, जुने आणि नामवंत आहे.

पण नाव घेणे म्हणजे राज्य करणे नव्हे. ‘अमुकपुरवराधीश्वर’ हा त्या काळच्या दख्खनमधील बिरुदांचा ठरलेला साचा आहे. देवगिरीचे यादव स्वतःला ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ म्हणवीत, पण द्वारकेवर त्यांचे राज्य नव्हते. गोव्याचे कदंब ‘बनवासीपुरवराधीश्वर’ म्हणवीत आणि सौंदत्तीचे रट्ट ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’. प्रत्येक ठिकाणी बिरुद सांगते ते एवढेच, की आमचे मूळ तेथले आहे असे आम्ही मानतो. जुन्या मराठी घराण्यांच्या कैफियतींत मूळगाव आधी सांगून मग वतनाचे गाव सांगतात, तसाच हा प्रकार आहे. शिलाहारांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: त्यांचे सम्राट राष्ट्रकूट लट्टलूर, म्हणजे लातूर, हे आपले मूळ सांगत, आणि तेर लातूरपासून फार दूर नाही. सम्राटाच्या मूळगावाजवळचे मूळगाव मांडलिकाने सांगितले, यात खरी आठवण किती आणि मानाची ओढ किती, हे केवळ बिरुदावरून ठरवता येणार नाही. गरुडाचेही तसेच आहे. शिलाहारांच्या ताम्रपटांच्या कडीवरील मुद्रेत गरुड असतो आणि ‘सुवर्णगरुडध्वज’ हे बिरुद जीमूतवाहनाच्या कथेशी छान जुळते; पण राष्ट्रकूटांच्या मुद्रेतही गरुडच आहे.

राहिला ‘शाखा’ हा शब्द, आणि माझा खरा आक्षेप त्यावर आहे. शाखा म्हटली की खोड गृहीत धरले जाते. उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर या तिन्ही ठिकाणच्या शिलाहारांचा एक समान मानवी पूर्वज दाखवणारा लेख नाही. प्रत्येकाची वंशावळ आपापल्या पहिल्या पुरुषापासून सुरू होते. ठाण्याकडे पहिला कपर्दी, त्याचा पुत्र पुल्लशक्ती आणि मग दुसरा कपर्दी, कोल्हापूरकडे जतिग, आणि दक्षिण कोकणात सणफुल्ल. रट्टराजाचा खारेपाटण येथील शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा, ताम्रपट तर सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत सलग दहा पुरुष मोजतो आणि राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेने सह्याद्री व समुद्र यांमधला प्रदेश सणफुल्लाला मिळाल्याचे सांगतो. पण त्या ताम्रपटात तगराऐवजी सिंहलाचा उल्लेख येतो, आणि हे सिंहल म्हणजे लंका की गोव्याकडचा भाग यावर अभ्यासकांत वाद आहे. पूर्वज जीमूतवाहन तोच, मूळगाव मात्र वेगळे. अशा तिघांना एका झाडाच्या शाखा म्हणणे म्हणजे जे लेखात नाही ते आपल्या पदरचे घालणे होय. शिवाय ताम्रपटांत ‘शाखा’ हा शब्द आढळतो तो दान घेणाऱ्या ब्राह्मणाच्या वेदशाखेसाठी, गोत्राच्या शेजारी; राजकुळाच्या फाट्यासाठी नव्हे. म्हणून ‘एकच अन्वय सांगणारी तीन घराणी’ हे शब्द मला अचूक वाटतात. ‘घराणे’ या शब्दात गादी आणि मुलूख येतात, खोड गृहीत धरावे लागत नाही.

आणखी एका वाचकाची विचारणा: ‘शेलार’ हे आडनाव ‘शिलाहार’पासून आले असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग आजचे शेलार हे त्या राजांचे वंशज ठरत नाहीत का? तसे असेल तर निदान एक खोड तरी जिवंत आहे असे म्हणावे लागेल.

उत्तर: शब्दांचे नाते आणि रक्ताचे नाते वेगळे ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘सिलार’ किंवा ‘शिलार’ या रूपापासून ‘शेलार’ होणे उच्चाराच्या दृष्टीने सहज शक्य आहे, आणि जाणत्या अभ्यासकांनी ती जोडणी केलेलीही आहे. उलट, शेलार हे रूप ‘शिलाहार’पेक्षा ‘सिलार’ला अधिक जवळ आहे, हे बोलीतले नाव आधीचे होते या माझ्या मताला बळ देणारेच आहे. परंतु आडनाव एखाद्या कुटुंबाकडे रक्तानेच येते असे नाही. ते चाकरीने येते, गावाच्या नावावरूनही येते. भिवंडी तालुक्यात शेलार नावाचे गाव आहे. उत्तर कोकणचा शेवटचा राजा सोमेश्वर यादव महादेवाशी झालेल्या समुद्रावरील लढाईत, १२६५ च्या सुमारास, मारला गेला. कोल्हापूरचे राज्य तर त्याआधीच सिंघण यादवाने दुसऱ्या भोजाकडून घेतले होते. त्यानंतरच्या पिढ्यांचा दुवा जोडणारा लेख हाती येईपर्यंत एखाद्या शेलार कुटुंबाने अभिमानाने ही परंपरा सांगावी, त्यात गैर काही नाही. माहितीपत्रकाने ती वस्तुस्थिती म्हणून छापू नये.

एक भर घालतो. या कुळाच्या मुळाविषयी बिरुदांपेक्षा अधिक बोलकी त्यांची नावे आणि त्यांच्या पदव्यांतील कानडी शब्द आहेत. अय्यप, वप्पुवन्न, गोग्गी ही नावे, कोल्हापूरच्या लेखांतील ‘मरुवक्कसर्प’, म्हणजे शत्रुपक्षाला सर्पासारखा, किंवा कोकणातील ‘मलगलगंड’ ही पदवी, ही सारी निव्वळ संस्कृत नाहीत. ही माणसे कानडी वापरणाऱ्या राष्ट्रकूट दरबारातून पुढे आली आणि ज्या मुलखात स्थिरावली तेथली झाली, असे यावरून दिसते. तेर हाही त्या काळी कानडीच्या वावराबाहेरचा प्रदेश नव्हता, त्यामुळे या गोष्टीने तगरचा दावा खोडला जात नाही.

मूळ प्रश्नकर्त्यांना वाक्य असे सुचवतो: ‘जीमूतवाहनाचा अन्वय सांगणाऱ्या शिलाहारांच्या उत्तर कोकणातील घराण्याचा राजा मुम्मुणी याच्या काळातील या मंदिराच्या शिलालेखात शके ९८२ (इ.स. १०६०) हे वर्ष दिले आहे, हे घराणे आपले मूळ तगर, म्हणजे आजचे तेर, येथे असल्याचे आपल्या बिरुदात सांगत असे.’ जागा कमी पडल्यास अन्वयाचा भाग गाळावा, पण ‘सांगत असे’ हे शब्द ठेवावेत.