घर सिंहाचे, आमदार दुसऱ्या पक्षाचा: मतदाराने निष्ठा नेमकी कोणाशी ठेवावी?

प्रश्न (उत्तर गोव्यातील एक मतदार)

आमचे घर पहिल्यापासून सिंहाचे, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगोप). आजोबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत कूळ होते. १९६३ च्या डिसेंबरात गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली, तेव्हा त्यांनी सिंहावर शिक्का मारला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. बहुजन समाजातला माणूस राज्याच्या खुर्चीवर बसला, ही गोष्ट ते शेवटपर्यंत सांगत असत. वडिलांनीही तेच चालू ठेवले. उमेदवार कोण आहे हे आमच्या घरात फारसे कोणी विचारत नसे, कारण निशाणी ठाऊक होती आणि तेवढे पुरेसे होते.

अलीकडच्या एका निवडणुकीत आम्ही ज्यांना निवडून दिले, ते कार्यकाळ पुरा होण्याआधीच दुसऱ्या पक्षात गेले. वडिलांनी त्यांच्यासाठी दारोदार फिरून मते मागितली होती. त्यानंतर कितीतरी दिवस वाड्यावरच्या लोकांसमोर जायला त्यांना संकोच वाटत असे, आणि आता निवडणुकीचा विषय निघाला की ते उठून आत जातात. २०२७ ची निवडणूक जवळ येत असल्याने कार्यकर्त्यांचे येणे-जाणे सुरू झाले आहे आणि धाकटा भाऊ म्हणतो की पक्ष बघण्यात काही अर्थ उरलेला नाही, माणूस बघावा. मला ते सहज पटत नाही, पण त्याला काय उत्तर द्यावे तेही सुचत नाही. पक्षाशी निष्ठा ठेवणारा मतदार आजच्या गोव्यात चुकतो आहे काय?

उत्तर १ (निवृत्त शिक्षक, डिचोली)

तुमच्या वडिलांचा संकोच मी समजू शकतो, कारण माझ्या पिढीतील अनेकांनी तो अनुभवला आहे. मात्र आपल्या जुन्या मतदाराची निष्ठा आंधळी होती, असे जे आज सरसकट बोलले जाते, त्याला माझा विरोध आहे आणि त्यासाठी १९६७ सालाकडे पाहावे लागेल.

त्या वर्षी १६ जानेवारीला जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून वेगळा राहावा, हा प्रश्न होता. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने अशा निशाण्या होत्या. कौल निःपक्ष वातावरणात व्हावा म्हणून भाऊसाहेबांचे सरकार आधीच पायउतार झाले होते. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०, म्हणजे विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले. ज्या पक्षाचा जन्मच विलीनीकरणाच्या मागणीतून झाला, तो पक्ष या निकालानंतर संपायला हवा होता. परंतु मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी भाऊसाहेबांना पुन्हा सत्तेवर आणले.

सिंहाला मानणाऱ्या काही मतदारांनीही दोन पानांना मत दिले असले पाहिजे, अन्यथा या दोन निकालांचा मेळ बसत नाही. म्हणजे आपल्या माणसाला हे कळत होते की राज्याचे भवितव्य हा एक प्रश्न आहे आणि आपली जमीन, गावातील शाळा, मुलांचे शिक्षण हा दुसरा. १९६४ चा कूळ कायदा आणि खेड्यापाड्यांत उघडलेल्या मराठी प्राथमिक शाळा यांच्याशी त्याची निष्ठा होती, आणि सिंह ही त्या कामाची खूण होती. तुमचे आजोबा उमेदवाराचे नाव विचारत नव्हते, कारण निशाणीमागे काय उभे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. आज मला चिंता वाटते ती याची की निशाण्या आहेत, पण त्यांच्यामागे काय आहे हे ना उमेदवार सांगू शकत, ना आपण विचारत.

उत्तर २ (वकील, पणजी)

सरांनी इतिहास मांडला, मी कायद्याची बाजू सांगतो, कारण मतदाराची फसवणूक कोणत्या दाराने होते हे ठाऊक असल्याशिवाय निष्ठेची चर्चा अपुरी राहते.

पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये दहाव्या परिशिष्टाच्या रूपाने घटनेत आला. त्या वेळी विधिमंडळ पक्षातील एक तृतीयांश सदस्य फुटले तर ते अपात्र ठरत नसत. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने फुटीची ही सवलत काढली, पण दोन तृतीयांश सदस्यांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट मोकळी राहिली. चाळीस आमदारांच्या सभागृहात ही अट किती तोकडी पडते ते आकड्यांवरूनच दिसते. मार्च २०१९ मध्ये मगोपचे तीनपैकी दोन आमदार भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये काँग्रेसचे पंधरापैकी दहा गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचेच अकरापैकी आठ गेले, म्हणजे निवडणूक होऊन पुरे आठ महिनेही झाले नव्हते. पहिल्या दोन वेळा संख्या नेमकी दोन तृतीयांश होती आणि तिसऱ्या वेळी आवश्यक तेवढीच, एकही जास्त नाही. २०१९ च्या त्या आमदारांविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळल्या.

२०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना मंदिर, क्रॉस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. ज्या समाजात देवासमोर दिलेला शब्द कोर्टातल्या कागदापेक्षा मोठा मानला जातो, तिथे त्या शपथेचे पुढे जे झाले ते मला कायद्याच्या पळवाटेपेक्षाही अधिक लागले.

तुमचा भाऊ म्हणतो तसा केवळ माणूस पाहिला तर हे दार अधिकच रुंद होईल. पक्ष बदलणाऱ्या प्रत्येक आमदाराचा पहिला बचाव हाच असतो की लोकांनी मत मला दिले, पक्षाला नव्हे.

उत्तर ३ (माजी पंच, दक्षिण गोवा)

वकीलसाहेबांचे म्हणणे खरे असले तरी गावात बसून पाहिले की माणूस बाजूला ठेवता येत नाही. आपल्याकडे पंचायतीची निवडणूक पक्षाच्या निशाणीवर होतच नाही, त्यामुळे मतदाराला नाव आणि चेहरा पाहूनच मत देण्याची सवय लागलेली असते. मतदारसंघ इतके लहान आहेत की आमदार लग्नाला येतो, मयताला येतो आणि चतुर्थीला घरी येऊन जातो. २०२२ मध्ये फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला आणि सांत आंद्रेचा ७६ मतांनी. एका वाड्यावरची तीन-चार मोठी घरे फिरली तरी आमदार बदलतो, हे उमेदवारालाही कळते आणि त्या घरांनाही.

मी पंच असताना नळाची जोडणी, घर दुरुस्तीचा परवाना, मुलाची सरकारी नोकरी यांसाठी लोक माझ्याकडे येत आणि मी त्यांना आमदाराकडे नेत असे. जी गोष्ट नियमाने मिळायला हवी ती माणसाच्या शब्दाने मिळते, म्हणून लोक त्या माणसाला धरून राहतात आणि तो सत्तेच्या बाजूला गेला की त्यांना मनातून बरेच वाटते, कारण काम होण्याची आशा वाढते. हे मी स्वतः पाहिले आहे आणि त्यात माझाही हात होता, याची मला आज खंत आहे.

उत्तर ४ (वाचक, मडगाव)

मतदार सगळे विसरतो, असा सूर वरच्या चर्चेत येतो आहे, तो मला मान्य नाही. २०१९ मध्ये पक्ष बदललेल्या त्या बारा आमदारांपैकी बहुतेक २०२२ मध्ये पडले, मग ते नव्या पक्षातून उभे राहिलेले असोत वा अपक्ष. याउलट शिरोडा आणि मांद्रे येथील आमदारांनी २०१८ मध्ये आधी राजीनामा दिला, मग पक्ष बदलला, आणि २०१९ च्या पोटनिवडणुकीत दोघेही पुन्हा निवडून आले. मला ही वाट त्यातल्या त्यात सरळ वाटते, कारण त्यात मतदाराला पुन्हा विचारले गेले. शिक्षा कोणाला द्यायची हे गोव्याचा माणूस जाणतो.

मात्र पक्षही निष्ठेला जागले असे दिसत नाही. तुमच्याच मगोपने २०२२ मध्ये तृणमूल काँग्रेसशी युती करून भाजपविरुद्ध मते मागितली आणि निकालानंतर भाजपच्या सरकारला पाठिंबा दिला. इथे कोणी पक्ष बदलला नाही, पक्षानेच दिशा बदलली, आणि त्याला कोणताही कायदा लागू होत नाही. त्या निवडणुकीत भाजपला सुमारे एक तृतीयांश मते मिळून चाळीसपैकी वीस जागा आल्या, कारण उरलेली मते अनेक पक्षांत वाटली गेली. तेव्हापासून आमच्या भागात मत फुकट जाऊ नये म्हणून मन मारून दुसऱ्या क्रमांकाच्या आवडीला मत देणारे लोक मी पाहतो. त्याला निष्ठा म्हणता येत नाही, पण तो बेफिकीरपणाही नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सरांचे उत्तर मी काल रात्री वडिलांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की जनमत कौलात आजोबांनी फुलाला मत दिले होते, हरल्यावर दोन दिवस ते नीट जेवलेही नव्हते, आणि तरी मार्चमध्ये पहाटेच उठून सिंहाला मत द्यायला गेले, कारण कसत असलेल्या जमिनीतून आता कोणी उठवणार नाही ही खात्री त्यांना त्या निशाणीने दिली होती. हे त्यांनी मला आजवर कधी सांगितले नव्हते.

पुढच्या रविवारी आमच्या वाड्यावर कोपरा बैठक आहे. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, पक्ष सोडावासा वाटला तर तो आधी आमदारकीचा राजीनामा देणार का, हे सर्वांसमक्ष विचारायचे आणि त्याचे उत्तर लिहून घ्यायचे, असे मी आणि भावाने ठरवले आहे. वडील म्हणाले की प्रश्न ते स्वतः विचारतील.