कोरकू मुलांना मराठीतली लिंगं कशी शिकवता?

मेळघाटातली बाई:
धारणी तालुक्यात पहिली-दुसरी एकत्र शिकवते. मुलं घरी फक्त कोरकू बोलतात. वर्गात ‘झाड मोठा आहे’, ‘आई आला’ असं बिनधास्त बोलतात, आणि बोलतात याचाच मला फार आनंद आहे. पण लिहायची वेळ आली की अडतं. दर वाक्याला टोकायला मन होत नाही. शाळेत भाषेचं विचारायला दुसरं कुणी नाही.

धडगावचा शिक्षक:
टोकू नकाच, ताई. कोरकू ही मुंडा भाषाकुळातली, मराठीपेक्षा वेगळ्या कुळातली भाषा. तिथं नामं सजीव-निर्जीव अशी विभागतात, आपल्यासारखी तीन लिंगं नाहीत. नुसतं नाम शिकवू नका. ‘मोठं झाड’, ‘मोठी नदी’ अशा जोड्या तोंडात बसू द्या. आमच्या पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी मी तेच करतो.

निवृत्त मास्तर:
स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावर कोरकू गोष्टी आहेत, मोफत उतरवता येतात. आधी कोरकूत वाचा, मग तीच गोष्ट मराठीत. अंगणवाडीताई गावातल्याच असतील तर वाचायला त्यांना बसवा.

मेळघाटातली बाई:
आमच्या ताई कोरकूच आहेत! सोमवारीच विचारते. धडगावचे सर, तुमची जोड्यांची यादी इथे टाकाल का? रेंज फक्त पंचायतीजवळ मिळते, संध्याकाळी जाऊन उतरवून घेईन.